दारात उभं कोण राहणार

"साधं 'या' सुद्धा म्हटलं नाही."

हे वाक्य मी लहानपणापासून इतक्या वेळा ऐकलंय की मोजदाद नाही. आजीकडून, मावशांकडून, शेजारच्या काकूंकडून. लग्नाहून लोक घरी येतात, साडी बदलतात, चहा ठेवतात आणि मग ते वाक्य बाहेर येतं. श्रीखंड आंबट होतं, मठ्ठा संपला, पंखे चालत नव्हते, हे सगळं महिन्याभरात विसरलं जातं, पण दारात कोणी 'या' म्हटलं नाही हे मात्र तीस तीस वर्षं राहतं, आणि पुढच्या पिढीला पण सांगितलं जातं, त्यांच्याकडे आपल्याला कोणी विचारलं नव्हतं बरं का.

मला पण एक असंच लक्षात आहे. 1986 ची गोष्ट, मी तेव्हा अकरा वर्षांची. उज्जैनला बाबांच्या एका लांबच्या नात्यात लग्न होतं, आईला बरं नव्हतं म्हणून बाबा मला घेऊन गेले. बाबा गिरणीत कामाला, पगार बेताचा, पण लग्नाला जायचं म्हणून कोट इस्त्री करून घातला होता आणि आहेराचं पाकीट खिशात न ठेवता हातातच धरलं होतं, चुरगळेल म्हणून. मांडवाच्या दाराशी यजमान मंडळी उभी होती, नेमकी त्याच वेळेला कुठल्यातरी मोठ्या साहेबांची गाडी आली आणि सगळे तिकडे धावले. आम्ही दोघं तिथेच उभे. कोणी आमच्याकडे बघून हसलं नाही की मान हलवली नाही. बाबा जरा वेळ थांबले, मग माझा हात धरून आत जाऊन मागच्या ओळीत बसले. पाकिटात वीसची नोट आणि रुपयाचं नाणं होतं, आणि बाबांनी अंगठ्याने ते इतकं दाबून धरलं होतं की पाकिटावर नाण्याचा गोल उमटला होता. तो गोल मला अजून दिसतो. आम्ही जेवलो, आहेर दिला, परत बसमध्ये बसलो, उज्जैन ते इंदूर 55 किलोमीटरात बाबा एकदाच बोलले, "या म्हणायला काय लागतं गं?" बस. पुन्हा कधी त्यांनी हा विषय काढला नाही, मीच काढत राहिले, मनातल्या मनात.

म्हणून यंदा मे महिन्यात लेकीचं लग्न ठरलं तेव्हा मेन्यू, फुलं, फोटोग्राफर या सगळ्याच्या आधी माझ्या डोक्यात एकच विषय होता, की दारात उभं कोण राहणार आणि आलेल्या माणसाचं काय करणार.

बायपासवरचं एक मॅरेज गार्डन घेतलं होतं. तिथले इव्हेंटवाले भैय्या लॅपटॉप घेऊन घरी आले, बिचारे मनापासून सांगत होते, "मॅडम, एन्ट्री ग्रँड होनी चाहिए, आधा इंप्रेशन तो गेट पे ही बन जाता है." त्यांच्या पॅकेजमध्ये स्वागताला सहा मुली, नऊवारी, नथ, हातात आरतीची ताटं, दोन तुतारीवाले, शिवाय वेलकम ड्रिंक. मला त्यांचं ऐकून वाईट काहीच वाटलं नाही. त्या मुली मी इतर लग्नांत बघितल्यात, चार चार तास हसतमुख उभ्या राहतात, सोपं काम नाहीये ते. पण त्यांना माहीत नसतं ना की आत्ता जो माणूस आला तो कोण. धारहून दोन बस बदलून आलेला मामेभाऊ आणि समोरच्या सोसायटीतले शर्मा अंकल त्यांना सारखेच. आणि माझं म्हणणं हेच होतं की दारात उभ्या माणसाला येणारा माणूस माहीत पाहिजे. "अरे, तुम्ही आलात! गुडघा कसा आहे आता?" असं म्हणणारा कोणीतरी पाहिजे.

इंदूरला हा प्रश्न जरा जास्तच गुंतागुंतीचा होतो बघा. इकडे मराठी माणूस होळकरांबरोबर आला, राजधानी 1818 साली महेश्वरहून इंदूरला आली तेव्हापासून तर शहरच आपलं झालं, पण घराच्या आजूबाजूला मालवी, मारवाडी, गुजराती, सिंधी, बोहरी अशी सगळी माणसं, आणि लग्नाला ही सगळी येतात. आपला मुहूर्त दिवसा, 11 वाजून काही मिनिटांचा, आणि हिंदी मंडळींच्या डोक्यात लग्न म्हणजे रात्री. पत्रिकेवर कितीही ठळक छापा, अर्धे लोक मंगलाष्टकं संपल्यावर येतात आणि विचारतात, बारात आ गई क्या? मग दार एकदा सकाळी नऊपासून धरायचं आणि पुन्हा संध्याकाळी रिसेप्शनला.

त्यात जावई उज्जैनचे, घरात मालवी बोलणारे. त्यांच्याकडे नवरदेव दारात तोरण मारतो, म्हणजे दारावर टांगलेल्या तोरणाला तलवार लावतो, मग सासू आरती करते. हे सगळं आम्ही आनंदाने मान्य केलं. पण नमस्काराचा घोळ साखरपुड्यातच झाला होता. आपल्याकडे मुलगी सगळ्यांना वाकून नमस्कार करते, तेच संस्कार, आणि माझी लेक व्याह्यांच्या मोठ्या भावासमोर वाकली तर ते दोन पावलं मागे सरकले, चेहराच उतरला त्यांचा, "अरे ना ना बेटी, कन्या से पाँव नहीं छुआते." त्यांच्याकडे मुलगी म्हणजे देवी, तिने पाया पडलं तर पाप लागतं. लेक वाकलेली तशीच अर्ध्यात थांबली, तिला वाटलं आपलं काहीतरी चुकलं. दोघांचाही भाव खरा होता आणि दोघंही अवघडले. तेव्हापासून मी ठरवलं की स्वागतात असं काही नको ज्यात येणाऱ्या माणसाला मागे सरकावं लागेल.

आणि मग हळदी-कुंकवाचा विषय निघाला.

मोठ्या जाऊबाईंचं म्हणणं सरळ होतं, दारात टेबल मांडायचं, चांदीचा करंडा, हळदी-कुंकू, मोगऱ्याचा गजरा, पुरुषांना पेढा. आपल्या प्रत्येक लग्नात असंच होतं. मी हो म्हणणारच होते, इतकं ते अंगवळणी पडलेलं. पण त्याच वेळी नवरा म्हणाला की दारात आत्याला बसवू या, तिच्याइतकी माणसं कोणालाच माहीत नाहीत.

आत्याबाई म्हणजे माझ्या नवऱ्याची आत्या, मल्हारगंजात राहतात, वय 79. दोन्ही घरांची चार पिढ्यांची नाती त्यांच्या जिभेवर. कोणाची सून कुठली, कोणाचा मुलगा पुण्याला, कोणाचं नुकतंच ऑपरेशन झालंय, कोणाला कोणाशेजारी बसवायचं नाही, सगळं. दारात उभं राहायला देवाने घडवलेली बाई. पण यजमान जाऊन वीस वर्षं झाली, आणि आत्याबाईंनी तेव्हापासून एकाही लग्नात दारापाशी पाऊल ठेवलेलं नाही. आल्या की कोठीच्या खोलीत जातात, भाज्यांचा हिशोब बघतात, मुहूर्ताला मागे कुठेतरी उभ्या राहून अक्षता टाकतात. कोणी त्यांना जा म्हणत नाही. त्या आपणहून जातात, आणि आम्ही पण इतकी वर्षं आपणहून जाऊ देत होतो, त्या फार कामाच्या आहेत, कोठी छान सांभाळतात, असं म्हणत.

फोनवर विचारलं तर म्हणाल्या, "अगं, मी कशी दारात? कुंकू कोण लावणार? मी मागे बसून नावं सांगते की."

फोन ठेवल्यावर मला हळदी-कुंकवाचं टेबल दिसायला लागलं, म्हणजे खरंखुरं दिसायला लागलं, आजवर बघून न बघितलेलं. बायकांची रांग असते, करंड्यातून बोट भरून लावत जातात, आणि मधे कोणीतरी आली की बोट हवेत थांबतं. अर्ध्या क्षणाचं असतं ते. लावणारी कपाळाकडे बघते, गळ्याकडे बघते, मग हसून नुसता गजरा पुढे करते, किंवा तोही नाही. आणि ज्यांना सवय आहे त्या बायका ती वेळच येऊ देत नाहीत, टेबलाच्या कडेने, पदर सावरत, कोणाशी तरी बोलल्यासारखं करत निघून जातात. म्हणजे आपण दारातच, 'या' म्हणायच्या आधी, तपासतो की ही बाई कोण, सवाष्ण की नाही. माझ्या बाबांना कोणी बघितलं नाही म्हणून मी इतकी वर्षं दुखावलेली, आणि माझ्याच दारात मी बायकांना हे असं बघणार होते.

घरात वाद झाला, झालाच. जाऊबाई म्हणाल्या, "शकुनाची गोष्ट आहे गं, आपल्याच मुलीचं लग्न आहे, उगाच काही कमीजास्त झालं तर आयुष्यभर मनाला लागेल." त्यांना मी दोष देत नाही. लेकीवर त्यांचा जीव माझ्यापेक्षा तसूभर कमी नाही, ती भीती पण त्या जीवातूनच येते. लेक म्हणाली, "काकू, कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने 2022 मध्ये ग्रामसभेत ठराव केला, नवरा गेला म्हणून कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, आणि त्याच महिन्यात महाराष्ट्र सरकारने बाकीच्या गावांना पण तसं करा म्हणून सांगितलं. एक अख्खं गाव करू शकतं तर आपलं एक घर?" जाऊबाई काही बोलल्या नाहीत, उठून आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी पत्रिका घेऊन खजराना गणपतीला गेले, इंदूरला पहिली पत्रिका त्यालाच, आणि परत येताना राजवाड्यावर उतरले. चौकात अहिल्यामातेचा पुतळा आहे. लहानपणापासून त्यावरून येता जाता हात जोडतोच, विचार करत नाही. त्या दिवशी मात्र थांबले. त्यांचे यजमान खंडेराव कुंभेरच्या वेढ्यात गेले 1754 साली, तेव्हा त्या तिशीच्या पण नव्हत्या, आणि 1767 पासून 1795 पर्यंत, मरेपर्यंत, राज्य चालवलं. आपल्या घराघरात त्यांचा फोटो आहे, पांढरी साडी, हातात शिवपिंड. विमानतळाला त्यांचं नाव, युनिव्हर्सिटीला त्यांचं नाव, गाव त्यांना देवी म्हणतं. आणि त्याच गावात आमच्या आत्याबाई वीस वर्षं कोठीच्या खोलीत बसतात. मला भर चौकात, आजूबाजूला ई-रिक्षावाले ओरडत असताना, रडू यायला लागलं.

तिथूनच मागच्या गल्लीत अत्तराचं दुकान आहे, जुनं, लाकडी कपाटांचं. बाबा दिवाळीला तिथूनच हिना घ्यायचे. सहज म्हणून शिरले. दुकानदार चाचांनी विचारलं, शादी किस महीने में? मे म्हटल्यावर हिना बाजूला ठेवला, तो गरम, थंडीचा, आणि खस काढलं. कन्नौजला देगेत, म्हणजे मोठ्या हंड्यात, वाळ्याची मुळं पाण्याबरोबर उकळतात आणि ती वाफ भपक्यात, म्हणजे गार पाण्यात ठेवलेल्या भांड्यात, उतरवतात. अशी वाफ चंदनाच्या तेलात जिरवून पण अत्तरं करतात, पण खस नुसतं काढलेलं घ्या म्हणाले. काडीवर कापूस गुंडाळून त्यांनी माझ्या हाताच्या मागच्या बाजूला एक रेघ ओढली. माठातल्या पाण्याचा वास आला, पहिल्या पावसाआधीचा. आणि मला एकदम सुचलं की हेच. अत्तराला कपाळ बघावं लागत नाही. बाई, पुरुष, सवाष्ण, विधवा, आमच्या शेजारच्या बोहरी भाभी, नवऱ्याचे सरदार मित्र, उज्जैनचे ताऊजी, हात पुढे करायला कोणालाच अडचण नाही. अत्तर-गुलाब आपलंच आहे, कुठून उसनं आणलेलं नाही. तीन तोळे खस घेतलं, खिशाला जड गेलं, पण घेतलं.

आत्याबाईंना सांगितलं तर त्यांनी नवीनच शंका काढली. "अत्तर-गुलाब निघताना देतात गं. पूर्वी दरबारात, सभेत, सगळं झालं की पानसुपारी आणि अत्तर-गुलाब, म्हणजे आता उठा. येताना दिलं तर लोकांना वाटेल घालवताहेत." बरोबर होतं त्यांचं, मी पण जुन्या लोकांकडून ऐकलंय. मी म्हटलं, आत्याबाई, आपण 'या' कधी म्हणतो? येताना पण 'या' आणि निघताना पण 'बरं, या'च म्हणतो ना? जा असं कधी म्हणतो का आपण? मग अत्तर पण दोन्ही वेळेला देऊ. त्या जरा वेळ गप्प. मग म्हणाल्या, "गुलाबदाणी आहे का घरात? माझ्याकडे आईची आहे, काळी पडलीय, घासायला लागेल." तेव्हा मला कळलं की त्या येणार.

हळदी-कुंकू आम्ही काढून टाकलं नाही. करंडा आत, फुलांच्या रांगोळीजवळ ठेवला, आरसा ठेवला, ज्यांना लावायचं त्यांनी आपलं आपण लावावं. वेलकम ड्रिंकच्या जागी कैरीचं पन्हं. शिकंजी पण सुचवली होती कोणीतरी, पण आमच्या इंदूरची शिकंजी म्हणजे दूध-रबडीची घट्ट, पोटभरीची, 41 डिग्रीत दारातच ती दिली तर पुढे माणूस जेवणार काय! सहा मुली नको सांगितल्या, तुतारी ठेवली, नवऱ्याला हवी होती.

लग्नाच्या दिवशी नऊ वाजता आत्याबाई दारात. मोतिया रंगाची महेश्वरी, बारीक जरीकाठ. आधी खुर्चीवर बसल्या होत्या, मांडीवर अत्तरदाणी, दहा मिनिटांत उभ्या राहिल्या आणि मग पुन्हा बसायचं नाव नाही. "या या, किती वर्षांनी! देवासहून कधी निघालात?" "पधारो सा, पधारो, ताईजी नहीं आईं?" मराठीला मराठी, मालवीला मालवी, सगळ्यांची नावं, सगळ्यांची दुखणी, सगळ्यांची नातवंडं. गुलाबपाणी त्या डोक्याच्या जरा वर शिंपडायच्या, तोंडावर नाही, चष्मा आणि रेशमावर डाग पडतात म्हणून. ही पण एक माहितीच आहे, मला नव्हती. दमा असलेल्यांना आधी विचारायच्या, चालेल ना?

साडेदहाच्या सुमारास नवऱ्याच्या ऑफिसातल्या एका जुन्या सहकाऱ्याची बायको आली, ते मागच्याच वर्षी गेले. मी बघत होते. तिने टेबल बघितलं, चांदीची भांडी बघितली, तिला करंडाच वाटला असणार, आणि ती सवयीने कडेला सरकली, पदर खांद्यावरून पुढे घेतला, गर्दीतून वाट काढायला लागली. आत्याबाईंनी दोन पावलं पुढे जाऊन तिचं मनगट धरलं. "या ना. इकडून कुठे?" हात उलटा केला, बांगडीच्या जागेच्या जरा वर फाया टेकवून हळूच रेघ ओढली. ती बाई आत्याबाईंच्या कपाळाकडे बघत राहिली. मग हात नाकाशी नेला आणि तसाच धरून आत गेली.

जाऊबाई माझ्या शेजारीच होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, गुलाबदाणी रिकामी झाली होती ती उचलून भरून आणली आणि आत्याबाईंच्या हातात दिली.

बाकी लग्न जसं होतं तसं झालं. मुहूर्त सात मिनिटं चुकला, पन्हं दीड वाजता संपलं, ताऊजींनी अत्तर लावून घेतलं आणि लेकीच्या डोक्यावर हात ठेवला, यावेळी ती वाकली नाही आणि कोणी मागे सरकलं नाही.

रात्री अकराला सगळे पांगले. आत्याबाई पुन्हा खुर्चीवर, पाय सुजलेले, तरी उठायला तयार नाहीत, "अजून ती केटरिंगची पोरं आहेत." ती पोरं भांडी टेम्पोत चढवत होती, जेमतेम सोळा-सतराची, कुठली बुंदेलखंडातली असतील. शेवटचा पोरगा ओले हात पँटला पुसत दारातून बाहेर पडला. आत्याबाईंनी हात हलवला, "बरं, या रे बाळा."

तो थांबला, वळला आणि परत आला.

"जी अम्मा, बुलाया?"

आत्याबाईंनी अत्तरदाणी उघडली. फाया जवळजवळ सुकला होता, तो त्यांनी तळाशी दोनदा फिरवला. "हाँ बेटा, बुलाया," म्हणाल्या, "हाथ दे."